काचेच्या टाकीतला समुद्र आणि शेवाळाचा हिशेब

रत्नागिरीत राहणाऱ्या मुलांना समुद्र काही नवा नाही. मांडवीची काळी वाळू, भाट्याचा लांबच लांब किनारा, मिरकरवाड्याच्या होड्या हे सारे रोजचेच. त्यामुळे घरात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरावे, त्यात खडकांच्या डबक्यांतले दोन-तीन लहान मासे सोडावेत आणि एक छोटासा समुद्र आपल्याजवळ ठेवावा, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. काहींनी तसे करूनही पाहिले असेल.

ज्यांनी केले असेल त्यांना पुढची हकीकत ठाऊक आहे. पहिले आठ दिवस पाणी आरशासारखे स्वच्छ असते. मग काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसू लागते. ती पुसावी, तर चार दिवसांत पुन्हा हजर! महिन्याभरात तपकिरीची हिरवी होते, दगडांवर केसांसारखे धागे लोंबू लागतात आणि आतले मासे दिसेनासे होतात. मग कोणी पाणी बदलतो, कोणी काच घासतो, कोणी औषध विचारत हिंडतो. शेवटी कंटाळून टाकी माळ्यावर जाते आणि माशांचे काय होते ते न सांगितलेलेच बरे.

हे शेवाळ येते कोठून? आणि घासून जात नाही, तर जाते कशाने? या प्रश्नांचे उत्तर बाजारातल्या औषधाच्या बाटलीत नाही. ते थोड्याशा पदार्थविज्ञानात आणि थोड्याशा अंकगणितात आहे. चला, ते शोधू या.

न बोलावता येणारा पाहुणा

समुद्राच्या पाण्याच्या एका थेंबातही डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. दगड, शंख, वाळू यांच्यावर तर शेवाळाचे बीजाणू चिकटलेलेच असतात. म्हणजे टाकी भरली त्याच दिवशी पाहुणा घरात आला. तो दिसू लागायला आठ दिवस लागतात, इतकेच.

पहिला तपकिरी थर असतो तो बहुधा डायाटम या एकपेशीय जीवांचा. काच ज्या सिलिकेपासून बनते त्याच सिलिकेचे नाजूक कवच त्यांच्या अंगावर असते. त्यांच्या मागोमाग हिरवे शेवाळ येते. कधीकधी जांभळट-लाल, बुळबुळीत चादर पसरते. तिला पूर्वी नील-हरित शैवाल म्हणत. पण ते जीव खरे म्हणजे जिवाणूंच्या गटातले आहेत.

रंग कोणताही असो, या सर्वांचा धंदा एकच. प्रकाश घ्यायचा, पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड घ्यायचा आणि आपले अन्न तयार करायचे. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात हे तुम्ही शिकला आहात. अंगबांधणीसाठी त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो. तेव्हा शेवाळाच्या जमाखर्चात मुख्य बाबी दोन. एक प्रकाश आणि दुसरी खत. आपण या दोन्ही बाबी तपासू.

शेवाळाला कोणता प्रकाश आवडतो?

१८८२ मध्ये थिओडोर एंगलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग केला. त्याने शेवाळाचा एक बारीक धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि लोलकातून आलेला सप्तरंगी वर्णपट त्या धाग्याच्या लांबीवर पाडला. धाग्याचा एक भाग तांबड्या प्रकाशात, दुसरा पिवळ्यात, तिसरा हिरव्यात, असे झाले. पाण्यात त्याने ऑक्सिजनकडे धाव घेणारे जिवाणू सोडले होते. थोड्या वेळाने पाहिले तर जिवाणूंची गर्दी दोन ठिकाणी झालेली! एक तांबड्या रंगात आणि दुसरी निळ्या-जांभळ्या रंगात. हिरव्या भागाशी जिवाणू थोडेच होते. म्हणजे शेवाळ तांबड्या व निळ्या प्रकाशात सर्वांत जास्त ऑक्सिजन सोडत होते. हिरवा प्रकाश ते फारसा वापरत नाही, परत पाठवते. म्हणूनच ते आपल्याला हिरवे दिसते.

आता पाण्याकडे पाहा. पाणी रंगहीन दिसते, परंतु ते सर्व रंगांना सारखी वाट देत नाही. तांबडा प्रकाश ते भराभर शोषून घेते. हरितद्रव्याला जो तांबडा प्रकाश हवा असतो त्याची तरंगलांबी सुमारे ६७५ नॅनोमीटर असते. अगदी स्वच्छ पाण्यातही १० मीटर खोल जाईपर्यंत या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी जेमतेम एक भाग उरतो. निळ्या प्रकाशाचे मात्र नव्वद भाग उरतात. पाणबुड्यांना खोल समुद्र निळा दिसतो तो यामुळे.

आपल्या टाकीत काय होते? टाकीची खोली समजा ४० सेंटिमीटर आहे. तोच हिशेब केला तर तांबड्या प्रकाशाचे शंभरापैकी सुमारे ८४ भाग थेट तळापर्यंत पोहोचतात. म्हणजे आपली टाकी हा खोल समुद्र नव्हे. तो ओहोटीच्या वेळी खडकांत उरलेला उथळ डबका आहे. अशा डबक्यांत पावसाळा संपल्यावर हिरवे, तपकिरी शेवाळ किती दाट माजते ते तुम्ही किनाऱ्यावर पाहिलेच असेल. टाकीत शेवाळ वाढते याचे नवल नाही. न वाढते तरच नवल!

मग तांबडा प्रकाश काढून टाकला की झाले का? नाही. शेवाळ निळ्या प्रकाशावरही जगते आणि काही जातींजवळ हिरवा प्रकाश पकडणारी वेगळी रंगद्रव्येही असतात. पिवळसर दिव्यापेक्षा पांढरा-निळसर दिवा घेतला तर थोडा फायदा होईल. पण खरा उपाय रंगात नाही, तो प्रकाशाच्या मापात आहे.

प्रकाश किती आणि किती वेळ?

प्रकाश मोजण्याचे लक्स नावाचे एक माप आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. मोकळ्यावरच्या सावलीत सुमारे दहा हजार असतो. रात्री ट्यूबलाइटच्या खोलीत आपण वाचतो तेव्हा तो दोनशे-तीनशेच्या आसपास असतो. आपला डोळा या साऱ्याशी जमवून घेतो, त्यामुळे हा प्रचंड फरक आपल्या लक्षात येत नाही. शेवाळाच्या मात्र येतो.

यावरून पहिला नियम निघतो. टाकी कधीही खिडकीसमोर ठेवू नका. पश्चिमेकडच्या खिडकीतून दुपारी तासभर जरी ऊन टाकीवर पडले, तरी तो एक तास दिव्याच्या कित्येक तासांना भारी पडतो. शिवाय पाणी तापते ते वेगळेच.

दुसरा नियम अंतराचा. लहानशा दिव्यापासून अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही वर्गात शिकता. लांब नळीच्या दिव्याला, जवळच्या अंतरावर, तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे अंतर दुप्पट केले की प्रकाश साधारण निम्मा होतो. एलईडीची पट्टी वापरत असाल तरी हेच. तेव्हा दिवा बदलण्याआधी तो थोडा वर टांगून पाहा. खर्च काही नाही!

तिसरा नियम वेळेचा. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमध्ये सुमारे १३ तासांचा असतो. टाकीतल्या माशांना दिवस-रात्रीचा नियमितपणा हवा असतो. परंतु त्यांना अन्न प्रकाशातून मिळत नाही, आपल्या हातून मिळते. म्हणून त्यांना रोज ८ तास दिवा पुरे. घरी पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत दिवा चालू ठेवला, तर त्या जादा तासांचा लाभ मासे घेत नाहीत, शेवाळ घेते. आपोआप बंद होणारा टायमर मिळाला तर उत्तम. नाही तर शाळेच्या घंटेबरोबर दिवा लावा आणि घंटेबरोबरच बंद करा.

चिमूटभर खाद्याचे अंकगणित

आता दुसरी बाब, खत. तुम्ही म्हणाल, आम्ही तर टाकीत खत घालत नाही! घालता, रोज घालता. माशांचे खाद्य हेच ते खत.

माशांच्या सुक्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन झाला. मासा ते खातो आणि त्यातला पुष्कळसा भाग अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. न खाल्लेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया माशांना विषारी असतो. सुदैवाने वाळूत आणि दगडांवर राहणारे काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे भरणे क्रूरपणाचे आहे.

नायट्रेट माशांना तितके बाधत नाही. पण शेतातल्या भाताला जसा युरिया, तसे शेवाळाला नायट्रेट! ६४ मिलिग्रॅम नायट्रोजनचे सुमारे २८३ मिलिग्रॅम नायट्रेट होते. टाकीत ६० लिटर पाणी असेल आणि सारा नायट्रोजन अखेर पाण्यातच आला असे धरले, तर रोजच्या एका ग्रॅम खाद्याने दर लिटरमागे जवळजवळ ४.७ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. आठवड्याला झाले ३३.

आता दर रविवारी १२ लिटरची एक बादली जुने पाणी काढून तितकेच समुद्राचे स्वच्छ पाणी घातले, म्हणजे पाचवा हिस्सा बदलला, तर काय होईल? नायट्रेट वाढत वाढत जाऊन एका पातळीला स्थिरावेल. ती पातळी 'क्ष' मानू. आठवडाभरात ती क्ष + ३३ होते आणि पाणी बदलल्यावर तिचा चार पंचमांश उरतो. तो पुन्हा क्ष इतकाच असला पाहिजे. समीकरण सोडवा. क्ष = १३२! दर रविवारी न चुकता पाणी बदलूनसुद्धा शेवाळाला भरपूर खत मिळते आहे.

खाद्य निम्मे केले तर क्ष ६६ वर येतो. खाद्य तेवढेच ठेवून एकाऐवजी दोन बादल्या पाणी बदलले तर सुमारे ५० वर येतो. दोन्ही केले तर २५ वर. हे आकडे स्वतः करून पाहा. प्रत्यक्ष टाकीत ते थोडे वेगळे येतील, कारण काही नायट्रोजन माशाच्या अंगी लागतो आणि काही शेवाळच खाते. परंतु दिशा हीच राहील. काच घासण्याला या समीकरणात कोठेही जागा नाही, हे ध्यानात घ्या. घासलेले शेवाळ टाकीतच राहिले तर ते कुजून पुन्हा खत होते. घासले तर ते रबरी नळीने ओढून बाहेर काढलेच पाहिजे.

जी गोष्ट कमी, तिचे राज्य

मग प्रकाश कमी करावा की खत? १९०५ मध्ये ब्लॅकमन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने यावर महत्त्वाचा विचार मांडला. एखादी क्रिया अनेक गोष्टींवर अवलंबून असेल, तर तिचा वेग सर्वांत अपुऱ्या गोष्टीने ठरतो. पोळ्या करायला कणीक पाच किलो आहे, पण गॅस दहा मिनिटांचाच उरला आहे. तर पोळ्या किती होतील ते गॅस ठरवील, कणीक नव्हे.

फॉस्फरसचेही असेच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये दाखवले, की समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्मजीवांत कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस ठरावीक प्रमाणात असतात. आज ते प्रमाण १०६ : १६ : १ असे मांडतात. म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे शंभराहून अधिक अणू बांधले जातात. फॉस्फेट किंचित जरी जास्त झाले तरी शेवाळ किती माजेल, याची यावरून कल्पना येईल.

हे तुम्हाला स्वतः पाहता येईल. समुद्राचे पाणी आणून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत भरा. दोन बाटल्यांत रासायनिक खताचा एकेक लहान दाणा घाला (मोठ्यांना सांगून घाला आणि नंतर हात साबणाने धुवा). आता खताची एक आणि बिनखताची एक अशा दोन बाटल्या खिडकीत ठेवा, उरलेल्या दोन कपाटाच्या अंधारात. बुचे सैल ठेवा. दोन आठवडे रोज पांढरा कागद मागे धरून रंग पाहा आणि वहीत नोंदवा. चारांपैकी कोणती बाटली आधी हिरवी किंवा तपकिरी होते? अंधारातल्या खताचे काय झाले? उजेडातल्या बिनखताचे काय झाले? ब्लॅकमनचा विचार तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहील.

रात्रीचा धोका

कोणी म्हणेल, शेवाळ वाढले तर बिघडले काय? ते ऑक्सिजनच देते ना? दिवसा देते, खरे. पण रात्री दिवा बंद झाला की प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. मग दाट शेवाळ, मासे आणि जिवाणू हे सारे एकाच साठ्यातून ऑक्सिजन घेतात. आणि हा साठा लहान असतो! २८ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये फार तर पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात साडेसहाहून कमी. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नाहीत, गुदमरत आहेत.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हवेचा पंपही बंद पडतो. ज्या टाकीत शेवाळ माजले आहे तिला अशी एक रात्र पुरते. शेवाळाचा हिशेब ठेवणे ही नुसती शोभेची बाब नाही, ती माशांच्या जिवाची बाब आहे, ती अशी. बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवा. तो नसेल तर लोटीने पाणी वरून हळूहळू पुन्हा पुन्हा ओता; तेवढ्यानेही हवा मिसळते.

मग करावे काय?

टाकीसाठी पाणी आणायचे ते भरतीच्या वेळी, बंदरापासून आणि खाडीच्या मुखापासून दूर. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गढूळ आणि कमी खारट होते, म्हणून पावसापूर्वीच साठा करून अंधारात ठेवा. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार हवेत. हायड्रोमीटरवर ते १.०२५ च्या आसपास दिसते. वाफ होऊन पातळी उतरली तर खारे पाणी घालू नका. वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही! तेथे गोडे पाणी घालायचे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या काही सरी गेल्यावर उघड्यावर स्वच्छ भांड्यात धरलेले पाणी या कामाला फार चांगले.

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच घाला. खडकांवरच्या दोन-चार गोगलगायी टाकीत असू द्या. शेवाळ खरवडून खाणे हाच त्यांचा उद्योग आहे. शेवाळ फारच माजले असेल तर आधी ते हाताने काढा, मग टाकी तीन दिवस कापडाने झाकून ठेवा आणि हवेचा पंप चालू ठेवा. परंतु खाद्याचे प्रमाण बदलले नाही तर ते परत येईल.

याहून गमतीचा उपाय म्हणजे शेवाळाला शेवाळानेच रोखणे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास प्रवाळांची मोठी टाकी चालवताना शेजारी जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवले आणि ते वरचेवर खरवडून बाहेर काढले. शेवाळाबरोबर खतही बाहेर गेले! तुम्हीही बाजूच्या लहान भांड्यात हिरवे शेवाळ वाढवून टाकीचे पाणी त्यातून फिरवू शकता. त्याचा दिवा रात्री लावा, म्हणजे मुख्य टाकीत अंधार असताना ते ऑक्सिजन देईल.

मोरचुदासारखी तांब्याची औषधे मात्र टाळा. त्यांनी शेवाळाबरोबर गोगलगायी, कोळंब्या आणि खेकडेही मरतात.

आणि आणखी दोन गोष्टी. प्रवाळ आणि समुद्रघोडे टाकीसाठी कधीही आणू नका. वन्य जीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. तसेच टाकीतले शेवाळ किंवा बाजारातून आणलेले प्राणी समुद्रात टाकू नका. १९८४ मध्ये मोनॅको येथील प्रसिद्ध सागरी संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातल्या शेवाळाचा एक लहानसा तुकडा वाढताना आढळला. पुढे ते फ्रान्स, इटली, स्पेनच्या किनाऱ्यांपर्यंत पसरले आणि तेथील मूळ सागरी गवताच्या जागी माजले. २००० मध्ये तेच शेवाळ कॅलिफोर्नियात आढळले आणि त्याचा नायनाट करायला तेथे २००६ पर्यंत झगडावे लागले. काढलेले शेवाळ उन्हात वाळवा, गोड्या पाण्याने धुऊन मीठ घालवा आणि परसातल्या नारळाच्या आळ्यात टाका. समुद्रातून आलेले खत झाडाला मिळेल.

रत्नागिरीत झाडगाव येथे १९५८ पासून सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तेथील मत्स्यालय आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा तुम्ही सहलीत पाहिला असेल. पुढच्या खेपेला तेथे जाल तेव्हा मासे तर पाहाच, पण थोडे दिव्यांकडेही पाहा. दिवे कोठे बसवले आहेत? टाक्यांवर बाहेरचे ऊन पडते का? काचेवर शेवाळ कोठे जास्त आहे, वर की तळाशी? तेथील माणसांना विचारा, की तुम्ही पाणी कधी बदलता आणि खाद्य किती घालता. मिळालेली उत्तरे वहीत लिहून घ्या आणि घरी येऊन आपल्या टाकीचा 'क्ष' काढा.